उघडा डबा

गेल्या महिन्यात लेक सुट्टीवर महाडला आली तेव्हा तिने मला लॅपटॉपवर एक इटालियन सिनेमा दाखवला. खाली इंग्रजी अक्षरं धावत होती, ती वाचण्याच्या नादात माणसांचे चेहरे बघायचे राहून जात होते, तरी गोष्ट कळली. एका छोट्या गावातल्या साबणाच्या कारखान्यात एक युनियनचा पुढारी असतो. फाटकापुढे उभा राहून तो जगातल्या यच्चयावत पिचलेल्या माणसांच्या नावाने घोषणा देतो, आणि घरी धाकटा भाऊ एका पुरुषाबरोबर संसार करतोय म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसते. मग लपवाछपवी, थापा, पळापळ. आम्ही दोघी पोट धरून हसलो. शेवटी रस्त्यात लांबलचक टेबल मांडतात, बँड वाजतो आणि पुढारी, भाऊ, भावाचा जोडीदार, सगळं गाव एकत्र जेवायला बसतं.

लेक म्हणाली, छान होता ना? मी म्हटलं, होता छान, पण शेवट बनावट आहे, माणसं इतक्या लवकर शेजारी जेवायला बसत नाहीत. तिला वाटलं, आई नेहमीसारखी खोट काढतेय. खोट काढायची सवय मला आहेच, उभा जन्म प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या मालातले दोष शोधण्यात गेला. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे सिनेमातलं टेबल नव्हतं. भिकूभाऊ उतेकरांचा डबा होता.

आमची कंपनी महाडच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांना लागणारा कच्चा माल बनवणारी. मी तिथे केमिस्ट, म्हणजे स्टाफमध्ये. भाऊ रिअॅक्टरवर ऑपरेटर, म्हणजे कामगार, आणि मी लागले तेव्हापासून युनियनचे अध्यक्ष. कंपनीची बस पोलादपूरहून निघायची. भाऊ पोलादपूरच्याही वर डोंगरातल्या एका वाडीत राहायचे, तिथून मोटारसायकलने खाली यायचे आणि बस धरायचे. मी महाडला चढायचे तेव्हा ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर गुडघे टेकून, तोंड मागे करून बसलेले असायचे. पुढे बघत प्रवास करणारे भाऊ मी कित्येक वर्षं पाहिलेच नव्हते. ऐकणारे सगळे मागे असत ना.

माणूस बुटका, छाती पिंपासारखी, आवाज दोन शेड ओलांडून जाईल असा. पायात बारमाही कंपनीचे सेफ्टी शूज. पुतणीच्या लग्नातसुद्धा धोतराखाली तेच घातले होते. वहिनी म्हणजे त्यांची बायको रागावली, तर म्हणाले की साहेबांनी फुकट दिलेली ही एवढी एकच वस्तू आहे, ती झिजवून वापरलीच पाहिजे. तरुणपणी काही वर्षं ठाण्याच्या एका कारखान्यात काढली होती, तिथून दोन शब्द घेऊन आले होते. कुठलंही भांडण मिटलं, कुठलाही निर्णय झाला, चहा संपला तरी म्हणायचे, 'मॅटर फिनिश.' आणि नकला. आमचे मोठे साहेब चालताना पँट वर ओढत, फॅक्टरी इन्स्पेक्टर नाकाला रुमाल लावून तपासणी करत, मी नमुन्याची बाटली उजेडाकडे धरून एक डोळा मिटत असे. हे सगळं ते बसमध्ये करून दाखवायचे. माझी नक्कल माझ्यासमोर करायचे आणि वर विचारायचे, 'बाय, राग नाय ना?' राग यायचा, पण हसू त्याच्या आधी यायचं.

मी त्यांना मानत होते ते मात्र डब्यासाठी. कँटीनमध्ये कामगारांचं लांब टेबल होतं आणि तिथे भाऊंचा कायदा चालायचा. डबा उघडला की झाकण टेबलाच्या मधोमध ठेवायचं, एकावर एक. झाकणांची ती उतरंड जेवण संपेपर्यंत हलवायची नाही. कोणाचं झाकण कुठलं ते कळत नसे, आणि कोणी कोणाच्याही डब्यातलं घ्यावं. एकदा एक नवा कंत्राटी कामगार आला, कातकरी वाडीवरचा, वयाने चांगला मोठा. तो हात धुवायच्या नळापाशी उकिडवा बसून, टेबलाकडे पाठ करून खाऊ लागला. भाऊ उठले, त्याच्याजवळ जाऊन तसेच उकिडवे बसले आणि त्याच्या डब्यातली नाचणीची भाकरी मोडून तोंडात घातली. मग त्याचं झाकण उचलून उतरंडीवर ठेवून आले.

'हे महाड हाय,' ते म्हणाले. 'हितं तळ्याचं पाणी सगळ्यांचं झालं, त्याला किती वर्सं झाली. तुझा डबा काय येगळा हाय काय?'

'हे महाड हाय' हे त्यांचं पालुपद होतं. ऐन डोंगरातला माणूस, पण महाडच्या तळ्याचा अभिमान असा बाळगायचा की जणू त्यांच्या आजोबांनीच ओंजळ भरली होती. स्टाफचं टेबल वेगळं होतं. आमची झाकणं आमच्यासमोरच राहायची.

आता बांगड्यांचं सांगते. साहेब लोक एखादी मागणी लांबणीवर टाकू लागले की भाऊ बांगड्यांचा आहेर करायचे. ही काही त्यांची युक्ती नव्हे, आपल्याकडे सगळेच पक्ष आणि संघटना करतात. पण भाऊंनी त्याचा खेळ केला होता. बाजारातल्या कासाराकडून हिरव्या बांगड्या आणायच्या, ताटात खण, हळदकुंकू, नारळ. मग घोषणा देत ऑफिसच्या पायरीपर्यंत मिरवणूक, आणि भाऊ पदर सावरल्याचा आविर्भाव करून, आवाज बारीक काढून साहेबांना म्हणणार की घाला हो, लाजू नका. ड्रायर शेडमध्ये पंखे मिळाले ते बांगड्यांमुळे, बसची फेरी वाढली तीही बांगड्यांमुळे. दोनशे माणसं हसत असताना पायरीवर उभं राहणं कुठल्याही साहेबाला जड जातं.

मी एकदा बसमध्ये त्यांना माझे हात दाखवले. ड्युटीवर बांगड्या चालत नाहीत, मी त्या फाटकाशी काढून पर्समध्ये ठेवायचे आणि सुटल्यावर पुन्हा घालायचे. म्हटलं, भाऊ, हे रोज घालणारी मी तुमच्या मालाची बॅच नापास करते तेव्हा तुमची बोलती बंद होते, मग बांगड्या म्हणजे नामर्दपणा कसा काय? ते ओशाळले. तुमची गोष्ट वेगळी, म्हणाले, आणि पुढच्या स्टॉपची चौकशी करू लागले.

त्या मिरवणुकीत ताट धरायला कायम दिनेश सकपाळ असायचा. पोलादपूरकडचाच, तिशीतला, भाऊंच्याच शिफ्टचा ऑपरेटर आणि युनियन कमिटीतला सगळ्यात भरवशाचा माणूस. भाऊ जेवढे बोलत तेवढा हा गप्प. विनोदाला सगळ्यात शेवटी हसायचा, तेही खाली मान घालून. एकदा सॉल्व्हंटच्या लाइनचं गॅस्केट फुटलं आणि शेड वाफेने भरली. सगळे बाहेर पळाले. भाऊ पायरीवरून घसरून आतच पडले होते. दिनेश परत आत गेला, व्हॉल्व्ह बंद केला आणि भाऊंना काखेत धरून ओढत बाहेर आणलं. त्यानंतर भाऊ सगळ्यांना सांगायचे की मला दोन मुलगे आहेत, एक मुंबईला असतो आणि एक माझ्यासमोर जेवतो.

दिनेश महाडात खोली घेऊन राहायचा, अजित नावाच्या मित्राबरोबर. अजित महाडजवळच्या वीर स्टेशनवर रिक्षा चालवायचा. भाऊंनी एवढ्या मोठ्या मुलाला बिनलग्नाचा ठेवणं शक्य नव्हतं. त्यांनी चार वाड्या पालथ्या घातल्या, शेवटी वहिनींच्या भाचीचं स्थळ आणलं. दिनेश प्रत्येक ठिकाणी जाऊन पोहे खाऊन यायचा आणि काहीतरी कारण सांगायचा. बसमध्ये त्यावर रोज थट्टा चालायची. त्याच सुमारास कोर्टाने पुरुषा-पुरुषांच्या संबंधांवरचा गुन्हा काढून टाकला. भाऊंनी ती बातमी बसमध्ये मोठ्याने वाचली आणि दोन नवरदेवांच्या लग्नाची नक्कल केली. कोण कोणाच्या घरी नांदायला जाणार, उखाणा कोण घेणार. बस नुसती उसळत होती. दिनेशही हसत होता. खिडकीतून बाहेर बघत हसत होता.

मग एकाएकी भाऊंनी स्थळं बघायचं बंद केलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, त्याच्या पत्रिकेत दोष आहे. पत्रिका, मुहूर्त यांची आयुष्यभर टर उडवलेल्या माणसाच्या तोंडी हे ऐकून मला नवल वाटलं होतं. खरं कारण त्यांनीच मला पुढे सांगितलं. भाची बघून परत येताना घाटाच्या पायथ्याला दोघं चहाला थांबले होते. दिनेश म्हणाला, भाऊ, मला मुलगी बघू नका, मी अजितबरोबर राहतो, तसाच राहणार आहे. भाऊंनी चहा संपवला, कप उलटा ठेवला आणि म्हणाले, मॅटर फिनिश, हे आपल्या दोघांत राहील. तसं त्यांनी ठेवलंही. बसमधल्या त्या नकला बंद झाल्या. पण बांगड्यांचा आहेर चालूच राहिला आणि ताट दिनेशच्याच हातात राहिलं. आपण त्याच्याकडे काय धरायला देतोय हे या हुशार माणसाच्या कधी मनातच आलं नाही.

त्यानंतरच्या कराराच्या वेळची गोष्ट. या खेपेला पगारापेक्षा मोठी मागणी होती, कंत्राटी कामगारांना कायम करण्याची. तो कातकरी वाडीवरचा कामगार, त्याच्यासारखे आणखी कितीतरी, वर्षानुवर्षं तसेच राबत होते. साहेब तारखांवर तारखा देत होते. भाऊंनी पर्सोनेलच्या साहेबांना बांगड्यांचा आहेर केला, अगदी वाजतगाजत. साहेबांनी हसून ताट घेतलं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण तोवर एकाही साहेबाने ते हसून घेतलं नव्हतं.

आठवडाभरात सगळ्यांच्या फोनवर एक फोटो फिरू लागला. कोणी काढला, कोणी पाठवला, ते आजतागायत कळलेलं नाही. हिरकणीवाडीला, रायगडाच्या रोपवेच्या खालच्या एका टपरीत दिनेश आणि अजित बसलेत. दोघांत एकच ताटली, पिठलं-भाकरी. अजितच्या ओठाला पिठलं लागलंय आणि दिनेश ते अंगठ्याने पुसतोय. बस्स, एवढंच. पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून कोणालाही कळलं असतं. मी तो फोटो पाहिला तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की या माणसाला इतक्या वर्षांत मी असं खूश कधी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना फाटकावर सभा होती. प्रयोगशाळेच्या खिडकीतून फाटक समोर दिसतं. भाऊ दगडी कट्ट्यावर उभे, आणि त्यांच्यापुढे भोंगा धरून दिनेश, कारण भोंगाही तोच धरायचा. तो आला होता हेच मला फार वाटलं. माणसं फोटोवरून कुजबुजत होती, एकमेकांना कोपराने ढोसत होती. तेवढ्यात ऑफिसकडून वॉचमन आला. त्याच्या हातात रंगीत कागदात गुंडाळलेला खोका होता. भाऊंनी सगळ्यांसमक्ष तो फोडला. आत त्याच हिरव्या बांगड्या. वॉचमन बिचारा पढवल्यासारखा म्हणाला, साहेबांनी सांगितलंय की आमच्याकडे उपयोग नाही, तुमच्यातच वापरा.

दोनशे माणसं भाऊंच्या तोंडाकडे बघत होती. त्यांना मी इतकी वर्षं ओळखत होते, ते काहीतरी बोलून हा वार परतवणार याची मला खात्री होती. मी खिडकीच्या गजाला हात लावून उभी होते आणि मनात म्हणत होते, आज म्हणा, हे महाड हाय.

भाऊंनी एक बांगडी उचलून उजेडाकडे धरली, मी बाटली धरते तशी.

'साहेबांनी बरोबर ठिकाणी धाडल्या,' ते म्हणाले. 'या मापाचा हात आमच्याकडंच हाय.'

आणि त्यांनी डोळ्यांनी खाली खुणावलं. भोंगा धरलेल्या हाताकडे.

एवढं मोठं हसू त्या फाटकाने कधी ऐकलं नसेल. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होती. वॉचमन हसला. ऑफिसच्या काचेमागे साहेब हसले. साहेबांचा डाव हवेत विरला आणि सभा पुन्हा भाऊंच्या मुठीत आली. कमिटीतले लोक आजही म्हणतात की त्या एका वाक्याने युनियन फुटायची वाचली. दिनेशचा हात हलला नाही. पुढचं भाषण, घोषणा, सगळं संपेपर्यंत त्याने भोंगा भाऊंच्या तोंडासमोर धरून ठेवला. मग वायर नीट गुंडाळली, भोंगा सेक्रेटरीच्या हाती दिला आणि ड्युटीवर गेला. मला त्या वेळी भाऊंचा जो संताप आला तो अजून पुरता उतरलेला नाही.

पुढचे दिवस मी कँटीनमध्ये पाहिले. दिनेश नेहमीच्या जागी येऊन बसायचा, डबा उघडायचा, झाकण मधोमध ठेवायचा. बाकीच्यांची झाकणं मात्र त्यांच्या त्यांच्या पुढ्यात राहू लागली. कोणी त्याला काही बोललं नाही, शिवी नाही, टोमणा नाही. फक्त त्याच्या डब्यात हात कोणी घालेना, आणि त्याच्यासमोर कोणी डबा सरकवेना. तो कातकरी वाडीवरचा कामगारसुद्धा खाली मान घालून आपलं आपण खायचा. टेबलाच्या मधोमध ते एकच झाकण असायचं. आणि भाऊ? भाऊंना त्या दिवसांत जेवणाच्याच वेळी युनियनच्या ऑफिसात फार कामं निघत होती. शेवटी एकदा आले, डबा काखेत मारून, ओळीने सगळ्यांकडे बघत. पण तोवर दिनेशने राजीनामा दिला होता आणि गुजरातमधल्या एका कंपनीत लागून निघूनही गेला होता. अजितची आई अंथरुणावर होती, त्यामुळे त्याला महाड सोडता आलं नाही.

करार झाला. कंत्राटी माणसं कायम झाली. भाऊंना खांद्यावर घेऊन नाचवलं, पेढे वाटले. मला त्यात खोट काढता येत नाही. त्या करारावर आज कितीतरी घरं उभी आहेत, आणि ती भाऊंनीच उभी केली.

पण दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये चढले तर भाऊ सीटवर सरळ बसले होते, पुढे तोंड करून. नंतर ते निवृत्त होईपर्यंत तसेच बसले. नकला संपल्या. आहेराचा विषय निघाला की म्हणायचे, दुसरं काहीतरी शोधा. एका सकाळी शेजारची जागा रिकामी होती म्हणून मी बसले, तेव्हा त्यांनी ती घाटाखालच्या चहाची हकिगत सांगितली. मी विचारलं नव्हतं.

'मला म्हाईत होतं, बाय,' ते म्हणाले. 'फाटकावर पुढं बोलणार होतो मी. तो हात आमचा हाय, त्याला कुणी बोट लावून दाखवा, असं बोलणार होतो. पण हसायलाच लागले सगळे. थांबेनात. मग मीच थांबलो.' मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, 'हसले, ते मला बरं वाटलं गो.'

मी त्यांची समजूत घातली नाही. काय घालणार होते?

गेल्या गणपतीत लेकीला आणायला मी वीर स्टेशनवर गेले होते. मुंबईची गाडी यायची होती. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर भिकूभाऊ बसलेले दिसले. फार वाळले होते, सदरा खांद्यावरून ओघळत होता, पण पायात तेच सेफ्टी शूज. मांडीवर पिशवी. मी चौकशी केली तर म्हणाले, दिनेश गणपतीला येतो, अजित त्याला घ्यायला येतो. गेल्या वर्षीही आलो होतो, पण गर्दीत चुकला. बाहेर रिक्षांच्या रांगेत अजित होता, मी येताना त्याला पाहिलं होतं. भाऊ त्याच्याशी बोलायला गेले होते का ते मी विचारलं नाही.

गाडी लागली तसे भाऊंनी पिशवीतून डबा काढला. तोच तो स्टीलचा, कडेला पोचा आलेला. झाकण काढून बाकावर बाजूला ठेवलं आणि डबा मांडीवर धरून बसले. तांदळाची भाकरी होती आणि वहिनींच्या हातचे कडवे वाल. माणसं उतरली, बोजे, पोरं, मखराचे खोके. माझी लेक उतरून माझ्या गळ्यात पडली. तिच्या मागच्या डब्यातून दिनेश उतरला. कानशिलाला पांढरं आलेलं, बाकी तसाच. त्याने भाऊंना लांबूनच पाहिलं. वळून दुसऱ्या जिन्याने जाता आलं असतं. तो गेला नाही, सरळ बाकापाशी येऊन उभा राहिला.

भाऊंचा दोन शेड ओलांडणारा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. त्यांनी फक्त दोन्ही हातांनी डबा थोडा वर उचलला. दिनेशने डब्याकडे पाहिलं, मग भाऊंकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी राग शोधत होते, तो असता तर बरं झालं असतं.

'भाऊ, झाकण लावा,' तो हळूच म्हणाला. 'माश्या बसतायत.'

मग वाकून त्यांच्या पायांना हात लावला, बॅग उचलली आणि बाहेर गेला. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. लेक मला विचारत होती की आई, ते कोण? गाडी पुढे तळकोकणात निघून गेली, प्लॅटफॉर्म रिकामा झाला. आम्ही जिन्याकडे निघालो तेव्हा मी मागे वळून पाहिलं. भाऊंनी झाकण हातात घेतलं होतं, पण लावलं नव्हतं. मांडीवरचा डबा तसाच उघडा होता.